जाळी कुणासाठी

ताडोब्याला जायचं ठरलं तेव्हा नानांनी सगळ्यात आधी डासांचं सामान आणलं. मुलुंडच्या घरी पलंगावर ते मांडून ठेवलं होतं. दोन प्रकारची क्रीमं, एक स्प्रे, मनगटात घालायचे सुगंधी पट्टे, प्लगला लावायचं मशीन आणि त्याच्या चार बाटल्या, कॉइलची दोन पाकिटं, शिवाय एक पांढरी डबी. ती म्हणे माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून डास पळवते. असल्या डब्यांनी डास हलतसुद्धा नाहीत हे अनेक प्रयोगांनी दाखवून झालंय, पण डब्या खपतात. जावयाने विचारलं, "नाना, दुर्बीण घेतलीत का?" ती राहिली होती.

नाना बँकेतून निवृत्त झालेले, आता सोसायटीचे सेक्रेटरी. पूर्व विदर्भाबद्दलचं त्यांचं मत एकाच माणसावर उभं होतं. त्यांच्या शाखेतल्या एकाची गडचिरोलीला बदली झाली आणि तो हिवताप घेऊन परतला. तेव्हापासून चंद्रपूर, भंडारा, गोंदिया हा सगळा नानांच्या लेखी तापाचा मुलूख. मत अगदीच हवेतलं नव्हतं. राज्यातल्या हिवतापाचा विषय गडचिरोलीचं नाव घेतल्याशिवाय पुरा होत नाही, आणि ताडोबा ज्या चंद्रपूर जिल्ह्यात आहे तो गडचिरोलीला लागूनच. ऑक्टोबरात जंगलाचा गाभा पर्यटकांना उघडतो तेव्हा पावसाळा नुकता सरलेला असतो, मामा तलाव भरलेले असतात, धानाच्या बांध्यांत पाणी उभं असतं. डासाच्या मादीला अंडी घालायला याहून वेगळं काय लागतं? पण नानांच्या मताला एक पुरवणी होती, जी त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. रोग तिकडे असतो आणि आपण इकडून स्वच्छ जातो, अशी ती पुरवणी.

नाना, काकू, लेक, जावई आणि सहा वर्षांचा नातू चिकू अशी पाच माणसं. रात्रभर रेल्वेने नागपूर, तिथून गाडी. गाडीत नानांनी दोनदा शाल मागितली. काकूंनी कपाळाला हात लावून पाहिला तर ते म्हणाले, "एसीचं आहे. डब्यात किती ठेवतात हे लोक." विषय तिथंच मिटला.

मोहर्लीच्या बाजूला बफरमधल्या एका गावात त्यांची राहायची सोय होती. मातीच्या भिंती, वर कौलं, पुढे सारवलेलं अंगण, मागे परसात संडास-न्हाणी नव्याने बांधलेली. घर यशोदाबाईंचं. त्यांचा नवरा जंगलात जिप्सी चालवायचा आणि त्या घरात पाहुण्यांचं पाहायच्या. शिवाय गावाच्या आशा सेविका होत्या. दाराजवळ खुंटीला त्यांची पिशवी टांगलेली असायची, तिच्यात रजिस्टर, पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं आणि हिवतापाच्या तपासणीच्या किट. नानांनी ती पिशवी पाहिली आणि काकूंकडे सूचक नजर टाकली. बघ, घरातच ठेवावं लागतं म्हणजे काय ते समज.

चहा झाल्यावर यशोदाबाईंनी पाहुण्यांना दोन-चार गोष्टी सांगितल्या. त्यांचं सांगणं सवयीचं होतं, तिकीट फाडता फाडता कंडक्टर थांबे सांगतो तसं. ऊन उतरलं की पूर्ण बाह्यांचं घाला, पाय झाका, मोजे घाला. रंग फिका असू द्या, गडद कपड्यांवर मच्छर जास्त येतो, आणि जंगलातही भडक रंग चालत नाही. सूर्य बुडायच्या आधी जाळी लावून गादीखाली खोचून घ्या, नंतर लावली तर मच्छर आतच राहतो. झोपेत हात-पाय जाळीला टेकू देऊ नका, तो बाहेरून चावतो.

"आमच्याकडे मशीन आहे," नाना म्हणाले.

"लाइन जाते जी रात्री."

"क्रीम आहे."

"ते लावा ना. पण जाळीत झोपा."

नानांना जाळीत झोपायचा तिटकारा होता. कोंदट होतं, पंख्याचा वारा लागत नाही, आणि त्या जाळीला औषधाचा वास येत होता. वास येणारच, कारण तिच्या धाग्यातच कीटकनाशक भरलेलं होतं. डास तिच्यावर टेकला तरी मरतो, म्हणून लहानसं भोक पडलेली असली तरी साध्या जाळीपेक्षा ती बरी. हे काकूंनी नीट ऐकून घेतलं. त्यांनी आपल्या आणि चिकूच्या खाटेची जाळी चारही बाजूंनी खोचली आणि मोबाइलच्या उजेडात आतून एक फेरी मारून एक डास टाळीत पकडला. नानांनी स्वतःची खाट पडवीत काढायला लावली. वर मशीन, उशाशी डबी, मनगटात पट्टा. दहाच्या सुमाराला वीज गेली आणि मशीन थंड झालं. पट्टा मनगटाजवळच्या चार बोटांचं काय ते रक्षण करत राहिला, बाकी नाना उघडेच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेची सफारी. नानांनी गडद निळा टी-शर्ट आणि गुडघ्याएवढी पॅन्ट घालून अंगभर स्प्रे मारला होता. गाईडने गाडीत चढताना नाक वर केलं. "साहेब, हे अत्तर आहे का?" लेकीने बाटली हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. तिला ती सवय आहे. बाटलीत लिंबाच्या वासाचं तेल होतं आणि ते कसंबसं तासभर टिकणारं. नानांनीच आणलेल्या दुसऱ्या ट्यूबवर डीट असं लिहिलं होतं, टक्का वीस. ती ट्यूब बॅगेत तळाला पडून होती, कारण तिला वास नव्हता, आणि वास नाही म्हणजे औषध नाही, असं नानांचं गणित. खरं तर बाजारात जे काही मिळतं त्यात डीट किंवा पिकारिडिन असलेलं भरवशाचं. डीट वीस-तीस टक्के असलं की चार-सहा तास निभावतं. घाम फार आला तर पुन्हा लावायचं, उन्हाचं क्रीमही लावायचं असेल तर ते आधी आणि हे वरून. लेकीने चिकूला लावताना स्वतःच्या तळहातावर घेऊन त्याच्या मानेला, पायाला, कानामागे लावलं. त्याच्या हातांना लावलं नाही, कारण मुलांचे हात पाच मिनिटांत डोळ्यात नाहीतर तोंडात जातात.

जंगलात त्या सकाळी गवे दिसले, सांबरं दिसली, तळ्याकाठी रानकुत्र्यांची एक टोळी पाणी पीत होती. वाघ दिसला नाही. नाना सारखे पिंडऱ्यांवर चापट्या मारत होते. गाईड शेवटी म्हणाला, "साहेब, इथं तेवढा नाही चावत. गाडी चालत राहते, वारा लागतो, आणि आपण उजेडात फिरून राहिलो. हिवतापाचा मच्छर रात्रीचा. तुम्ही परत गेल्यावर अंगणात खुर्ची टाकून पाय खाली सोडून बसता ना, गप्पा मारत, दोन-दोन तास? पर्यटकाला तो तिथं गाठतो. टेबलाखाली."

बोलणं खरं होतं. जंगलात जाणारा माणूस सगळी भीती गेटच्या आत ठेवतो आणि गेटच्या बाहेर येऊन बूट काढतो. दिवसा चावणारा डास आहे, नाही असं नाही. पायांवर पांढरे पट्टे असलेला, डेंगूचा. पण तो झाडीतला कमी आणि माणसांच्या वस्तीतला जास्त. कूलरच्या तळातलं पाणी, टाकून दिलेले टायर, प्लॅस्टिकचे पेले, कुंडीखालची ताटली हे त्याचं माहेर. रिसॉर्टच्या दिखाऊ बागेत तो सुखाने राहतो.

संध्याकाळी नाना अंगणात बसले. पाय उघडे. वांग्याचं भरीत झालं होतं, ज्वारीच्या भाकरी होत्या, शेजारची माणसंही येऊन बसली होती. शेजारच्या घरातली सून नवव्या महिन्यात होती, ती भिंतीला टेकून ऐकत होती. नानांनी मुंबईच्या गोष्टी सांगितल्या. मध्येच सोसायटीच्या वॉचमनचा फोन आला. पालिकेचा माणूस पुन्हा आलाय, गच्चीची किल्ली मागतोय, टाकीचं झाकण बघायचंय म्हणतो. "त्याला सांग, सेक्रेटरी बाहेरगावी आहेत," नाना म्हणाले आणि फोन ठेवून हसले. "एक झाकण काय फुटलं, पाठच सोडत नाहीत."

रात्री पुन्हा पडवीतली खाट.

पहाटे काकू जाग्या झाल्या त्या खाटेच्या कुरकुरीने. नाना थंडीने थडथडत होते, दातावर दात आपटत होते. अंगावर शाल, शालीवर गोधडी, तिच्यावर जावयाचं जॅकेट, तरी हुडहुडी थांबेना. तासाभराने तीच माणसं गोधड्या काढत होती, कारण नाना पेटल्यासारखे तापले होते. मग घाम आला आणि गादी भिजली. या सगळ्यात नानांना बोलायची शुद्ध होती आणि ते एकच बोलत होते. "मी सांगत होतो. सांगत होतो की नाही? रोगट मुलूख आहे हा. गाडी काढा, नागपूरला चला."

यशोदाबाई आल्या त्या पिशवी घेऊनच. नानांचं बोट पुसून त्यांनी टोचलं, रक्ताचा थेंब पट्टीच्या भोकात सोडला, वर द्रावणाचे थेंब टाकले आणि घड्याळ पाहिलं. निकालाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर त्यांनी रजिस्टर उघडलं.

"नानाजी, गावात कधी आले तुम्ही?"

"परवा. दुपारी. परवा रात्री चावला तो."

"त्याच्या आधी कुठं होते?"

"घरी. मुंबईत. कुठं असणार?"

यशोदाबाईंनी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. "मग हा आमचा नाही जी."

नानांना वाटलं आपल्याला तापात भलतंच ऐकू येतंय. जावई मात्र पुढे सरकला. यशोदाबाई त्याला सांगू लागल्या. डास चावला की हिवतापाचा जंतू आधी यकृतात जातो, तिथं वाढतो, मग रक्तात उतरतो, मग ताप. याला कमीत कमी आठवडा लागतो, बऱ्याचदा दहा-पंधरा दिवस. डेंगूलासुद्धा सहसा चार दिवसांच्या आत नाही. परवा चावला आणि आज पहाटे थंडी वाजली, असा मच्छर अजून जन्मला नाही. इथल्या डासांनी नानांना चावलं असेल तर त्याचा हिशेब पुढच्या आठवड्यात लागेल. आजचा ताप घरून आला आहे.

पट्टीवर दुसरी रेघ उमटली. व्हायवॅक्स. हिवतापाच्या दोन मुख्य जातींतला जरा सौम्य, पण हट्टी. फॅल्सिपेरमसारखा तो सहसा मेंदूवर चढत नाही, पण यकृतात दडून बसतो आणि महिन्यांनी पुन्हा डोकं वर काढतो.

"मागे कधी झाला होता का?" यशोदाबाईंनी विचारलं. नाना म्हणाले, छे. काकू म्हणाल्या, "गेल्या वर्षी गणपतीच्या आधी. डॉक्टरांनी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या होत्या. ह्यांना तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, पाचव्या दिवशी सोडल्या. पाकीट अजून कपाटात आहे."

तो गेल्या वर्षीचाच दडलेला जंतू होता की या पावसात घरी नव्याने चावलेल्या डासाचा, हे आता कोण सांगणार? यशोदाबाईंनी त्यावर वेळ घालवला नाही. त्यांनी नवऱ्याला फोन करून गाडी मागवली, आरोग्य केंद्रात डॉक्टरांना कळवलं, आणि मग जे केलं ते नानांना अजिबात समजलं नाही. सकाळचे साडेआठ झाले होते, ऊन अंगणात आलं होतं, आणि बाई पडवीतल्या खाटेवर जाळी बांधत होत्या.

"आता कशाला?" नाना वैतागले. "चावायचा तो चावून गेला. आता जाळीचा काय उपयोग मला?"

"तुमच्यासाठी नाही जी ही."

"मग?"

यशोदाबाईंनी तिसरी गाठ मारली, चौथा कोपरा हातात धरला. "मच्छराच्या पोटात हिवताप जन्मतः नसतो, नानाजी. तो माणसातून त्याच्यात जातो. जंगलात वाघ आहे, गवा आहे, माकडं आहेत, इथं त्यांच्यातून हा ताप माणसाला येत नाही. ताप आलेल्या माणसाला चावलेला मच्छर दुसऱ्याला चावला तर येतो. आमचे मच्छर तुम्हाला चावू नयेत म्हणून परवा जाळी दिली होती. आज ती आमच्या मच्छरांसाठी आहे. ते तुमच्यापर्यंत पोचू नयेत."

चौथी गाठ बसली. गादीखाली जाळी खोचून त्या घरात गेल्या.

रोनाल्ड रॉस यांना हे 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेत दिसलं होतं. रक्त प्यायलेल्या अॅनोफिलीस मादीच्या पोटात त्यांना मलेरियाच्या जंतूच्या गाठी सापडल्या. त्या दिवसाची आठवण म्हणून दर 20 ऑगस्टला जगभर मच्छर दिन पाळतात. पण त्या शोधातला अर्धाच भाग आपल्या डोक्यात बसला. डास माणसाला आजारी पाडतो, हा. माणूस डासाला जंतू देतो, हा अर्धा आपण सोयीने विसरतो. विसरल्यामुळे प्रवासाला निघताना आपण पिशवी भरतो ती फक्त स्वतःच्या रक्षणाची.

आरोग्य केंद्रात काचेवर रक्त घेऊन पुन्हा पाहिलं, तोच निकाल आला. डॉक्टरांनी तीन दिवसांचं क्लोरोक्विन आणि चौदा दिवसांचं प्रायमाक्विन लिहून दिलं. प्रायमाक्विन सरसकट सगळ्यांना देत नाहीत. गरोदर बाईला नाही, तान्ह्या मुलाला नाही, आणि रक्तात एका विकराची कमतरता असेल तर रक्तपेशी फुटतात, म्हणून डॉक्टर आधी पाहून घेतात. नानांना ते चालणार होतं. दुपारी ते परत खाटेवर आले, या वेळी स्वतःच जाळी उचलून आत शिरले.

आतून त्यांना सगळं जरा धूसर दिसत होतं. अंगणात चिकू यशोदाबाईंच्या मागे मागे होता. त्यांनी परसातल्या डबक्यातून काचेच्या पेल्यात पाणी काढून त्याला दाखवलं. पाण्यात केसाएवढ्या अळ्या होत्या. काही डोकं खाली करून तिरक्या लटकत होत्या. काही मात्र पाण्याच्या वरच्या थरालगत आडव्या पसरल्या होत्या, जणू कुणी काड्या तरंगत ठेवल्यात. "या आडव्या हिवतापाच्या मच्छराच्या," यशोदाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पडवीच्या भिंतीवर बोट ठेवलं. तिथं एक डास बसला होता, शेपूट वर आणि डोकं भिंतीकडे टेकवून. चिकूने मान वाकडी करून पाहिलं आणि ओरडला, "आई, हा शीर्षासन करतोय!" तो अॅनोफिलीस. नानांच्या डोक्यापासून अडीच हातांवर. यशोदाबाईंनी त्याला हाताने चिरडलं आणि पेला नालीत ओतण्याऐवजी कोरड्या मातीत रिकामा केला.

"ताई," नानांनी जाळीतून हाक मारली. आल्यापासून ते त्यांना बाई म्हणत होते. "सकाळी तुम्ही शेजारी कुठं गेला होतात?"

"गल्लीत. सात घरं आहेत. सांगून आले, कुणाला अंग गरम वाटलं तर लगेच कळवा."

"माझ्यामुळे?"

"दोन रात्री तुम्ही उघड्यावर झोपले ना जी."

नाना काही बोलले नाहीत. भिंतीपलीकडे शेजारची सून पाणी भरत होती, बादलीचा आवाज येत होता. गरोदर बाईला हिवताप झाला तर तिलाही जड जातो आणि पोटातल्या बाळालाही, हे बँकेतल्या माणसालासुद्धा माहीत असतं. काल रात्री ती चार हातांवर बसली होती, आणि तिच्या आणि नानांच्या मध्ये एकही जाळी नव्हती.

मग यशोदाबाईंनी विचारलं, "तुमच्याकडे घराजवळ पाणी कुठं साठतं?" नानांनी आधी समोरच्या बांधकामाचं नाव घेतलं, मग रेल्वेच्या जागेतल्या डबक्याचं, मग शेजारच्या बिल्डिंगच्या कारंज्याचं. ते सगळं खरंही होतं. मुंबईत हिवताप पसरवणारी अॅनोफिलीस स्टीफेन्सी ही डासीण स्वच्छ साठवणीच्या पाण्यात, गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत, बांधकामाच्या हौदांत अंडी घालते. अंड्यापासून उडणारा डास व्हायला उबेच्या दिवसांत आठ-दहा दिवस पुरतात. यशोदाबाई ऐकत होत्या. काकू मधेच म्हणाल्या, "आणि आपली टाकी?"

नानांनी वॉचमनला फोन लावला. किल्ली टेबलाच्या खणात आहे, पालिकेच्या माणसाला बोलाव, म्हणाले. पलीकडून वॉचमन म्हणाला, "तो गेल्या महिन्यात नोटीस लावून गेला होता. तुम्हीच म्हणालात, फाडून टाक." नानांनी फोन लेकीकडे दिला.

त्या दुपारच्या सफारीत वाघीण दिसली. पाण्यात बसली होती, बराच वेळ. चिकूने आल्यावर सगळं सांगितलं, नानांनी सगळं ऐकलं, पुढचं आपल्याला माहीतच असतं. अधिक सांगण्यासारखं आहे ते त्या संध्याकाळचं. जेवायला माणसं अंगणात न बसता जाळी लावलेल्या खिडक्यांच्या खोलीत बसली. जावयाने पॅन्टचे पाय मोज्यांत खोचले होते. पंखा पायांच्या दिशेने वळवला होता, कारण डास उडायला दुबळा, वाऱ्यात त्याला टिकाव धरता येत नाही. लेकीने ती बिनवासाची ट्यूब सगळ्यांना दिली, घोट्यांना विसरू नका म्हणाली. पांढरी डबी चिकूला खेळायला मिळाली. आणि नानांचं ताट जाळीत गेलं.

निघायच्या दिवशी यशोदाबाईंनी जावयाला बाजूला घेऊन सांगितलं की घरी गेल्यावर तुमच्यापैकी कुणालाही ताप आला, महिन्याने आला, सहा महिन्यांनी आला, तरी डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगा की आम्ही ताडोब्याला जाऊन आलो. शहरातला डॉक्टर ऋतू पाहून डेंगू शोधतो, जंगल त्याच्या ध्यानात येत नाही, आणि फॅल्सिपेरम असेल तर दोन दिवसांचा उशीरही जिवावर बेततो. काही लोक येण्याआधीच डॉक्टरांना विचारून प्रतिबंधाच्या गोळ्या घेतात, जास्त दिवस राहणार असतील, पोटात बाळ असेल तर आधी विचारलेलंच बरं. मग त्या नानांकडे वळल्या. "आणि कुठंही पाहुणे जाल तेव्हा अंगात ताप असेल तर तिथं आधी सांगा. एसीचं आहे म्हणू नका."

काकू हसल्या. नाना हसले नाहीत, पण खिशातून पैसे काढून म्हणाले, "जाळीचे." यशोदाबाईंनी खोलीच्या बिलापुरते घेतले. गोळ्यांच्या पाकिटावर त्यांनी पेनने तारखा लिहिल्या होत्या, एकेका गोळीसमोर एकेक. "फोन करीन," म्हणाल्या.

फोन आला तो नवव्या दिवशी, संध्याकाळी.

"नानाजी, आज कितवी?"

"नववी."

"सातवी," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, फोनमध्ये ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

"अहो, पोटात जळजळतं हो त्याने," नाना म्हणाले. "आणि ताप तर गेलाच आहे."

"उपाशीपोटी घेता ना? जेवून घ्या जी. सुटलेल्या दोन मनाने एकदम घेऊ नका, डॉक्टरला विचारा."

"बरं." नाना थोडे थांबले. "तुमच्या शेजारची सूनबाई कशी आहे?"

"परवा मुलगी झाली. दोघी चांगल्या आहेत."

"वा! म्हणजे ते... तिला काही नाही ना? रक्त पाहिलंत?"

"पाहिलं. गल्लीतल्या सगळ्यांचं पाहिलं. पण आताच काही सांगता नाही येत, नानाजी. तुम्हाला चावलेल्या मच्छरात तो तयार व्हायला दहा-बारा दिवस, मग ज्याला चावेल त्याच्यात पुन्हा तेवढेच. दिवाळीनंतरच कळेल. तोवर दर आठवड्याला पाहून राहिले."

नानांनी फोन ठेवला. भिंतीवरचं घड्याळ पावणेसात दाखवत होतं, त्यांची जेवायची वेळ नऊची. त्यांनी खणातून पाकीट काढून टेबलावर ठेवलं, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला आणि आत आवाज दिला, "अगं, आज जरा लवकर वाढतेस का?"